झूलॉजी डिपार्टमेंटचा पुत्रकामेष्टी यज्ञ

बेडूक मेला की त्याला फॉर्मलिनमध्ये घालून ठेवावं लागतं, नाहीतर दोन दिवसांत नाक धरायची पाळी येते. किश्श्यांचं तसं नाही. ते उघड्यावर पडून राहिले तरी टिकतात, उलट दरवर्षी थोडे फुगतात! आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटची जुनी मंडळी कुणाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसली, की पहिला भात संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "आणि ती खाट आठवते का?" मग मठ्ठा वाढणारा दोनदा येऊन जातो, तरी कोणाचं लक्ष नसतं.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी लिहिणार आहे ते सगळं खरं आहे. डिपार्टमेंट लहानसं. आमचे हेड सर, ज्यांना फळमाश्या सोडून जगात कशाचंच कौतुक नव्हतं. जेनेटिक्स शिकवणारे नाफडे सर. लॅब अटेंडंट तुळशीराम. आणि मी, एकटी बाई.

नाफडे सरांना तीन मुली होत्या आणि त्यांच्या आईला, म्हणजे माईंना, नातू पाहिजे होता. या दोन गोष्टींच्या मध्ये सरांची बायको, कुसुमवहिनी, सापडली होती. तिसरीच्या वेळी वहिनींच्या अंगात रक्त इतकं कमी झालं, की डॉक्टरीणबाईंनी सरांना व्हरांड्यात उभं करून झापलं होतं. तरी माईंचे उपाय थांबेनात, आणि उपाय कोणताही असो, तो वहिनींच्याच पोटात जायचा किंवा त्यांनाच उपाशी ठेवायचा. या बाईला हे लोक कधी मोकळं सोडणार, एवढीच मला काळजी असे. सरांचा मला मनापासून राग यायचा. बाकी सगळं मात्र हसण्यासारखंच होतं!

तिसरीचं नाव माईंनी 'तृप्ती' ठेवलं होतं. मुलींनी आमचं मन भरलं, हे देवाला नीट कळावं म्हणून. हेड सर म्हणाले, "देवाचा गैरसमज होईल हो. त्याला वाटेल, माल आवडलेला दिसतो!"

* * *

नाफडे सरांचं एक लेक्चर कॉलेजात प्रसिद्ध होतं. मुलगा की मुलगी हे कसं ठरतं, त्यावरचं. त्या दिवशी कॉमर्सची पोरंसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसायची.

सर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे. आईकडे दोन क्रोमोसोम, दोन्ही एक्स. वडिलांकडे एक एक्स, एक वाय. आईकडून एक्सच येणार. वडिलांकडून वाय आला तर मुलगा, एक्स आला तर मुलगी. मग सर खडू आपटून म्हणायचे, "म्हणजे आईच्या हातात काही नाही! मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणं हे घोर अज्ञान आहे!" पोरी टाळ्या वाजवायच्या.

एका वर्षी टाळ्यांच्या भरात सरांनी हात वर केला, फळ्याच्या अगदी वरच्या टोकाला 'अज्ञान' असं लिहायला. बाही मागे सरकली आणि दंडावरचा तांब्याचा ताईत उघडा पडला. काळा दोरा, त्यात एक रुद्राक्ष. सगळा वर्ग पाहत राहिला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा कोणता क्रोमोसोम होय?"

सर तसे हजरजबाबी. बाही खाली ओढून शांतपणे म्हणाले, "हा मातृपक्षाकडून आलेला आहे. पुढे लिहा."

* * *

आता तुळशीराम. हा वाडीहून सायकलने यायचा. तिथे ट्रकांच्या गोदामांमागे त्याची भाड्याची खोली होती आणि त्या खोलीत पाच मुलगे होते. पाच! कॉलेजात प्रिन्सिपॉलपेक्षा त्याला जास्त मान होता. ज्यांच्या घरी मुलगा पाहिजे असे, ते सगळे आडून आडून आमच्या लॅबमध्ये यायचे. गांडूळ बघायला आलो म्हणायचे आणि तुळशीरामला कोपऱ्यात घ्यायचे.

"खरं सांग गा, तू काय करतो?"

"काही नाई सर. काय करीन मी?"

यावर कोणाचा विश्वास बसत नसे. लोकांना वाटायचं, हा लपवून राहिला. शेवटी कंटाळून तुळशीराम सांगू लागला. उजव्या कुशीवर झोपतो. सोमवारी दही खात नाही. सकाळी पहिली डावी चप्पल घालतो. त्याचं सांगणं लोक वहीत उतरवून घ्यायचे.

केमिस्ट्रीचे एक सर होते, तिसऱ्या खेपेच्या आशेवर. त्यांनी चार महिने हे सगळं काटेकोर पाळलं. एकदा माझ्यासमोरच त्यांनी सहज विचारलं, "तुळशीराम, हे तुला शिकवलं कोणी?"

"माह्या मावशीनं."

"अस्सं! तिला किती मुलगे?"

"मुलगे कायचे सर? मावशीले सात पोरी हायेत ना! मी पोरीसाठीच तर हे सगळं करून राहिलो!"

केमिस्ट्रीचे सर तिथल्या तिथे चपला काढून उजव्या पायापासून पुन्हा घालू लागले.

तुळशीरामचं मात्र खरंच तसं होतं. मला तो एकदा बाटल्या धुता धुता म्हणाला, "म्याडम, पाच पोट्टे म्हणजे घरात पाच बैल. एकानं मान हालवली का दुसरा शिंग मारते. मले एक पोरगी पाह्यजे. मी मेल्यावर मनापासून रडणारं कोणी पाह्यजे ना घरात!"

* * *

मला कोणी उपाय विचारत नसे, कारण माझ्याकडे नव्हताच. माझे वडील मिलमध्ये होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी घरातले उपास, नवस, दोरे एका टोपलीत भरून बाहेर काढले. त्यामुळे बाकी सगळ्यांच्या आज्यांकडे नुस्खे होते, मीच गरीब.

एकदा केमिस्ट्रीच्या त्याच सरांनी दयेने विचारलं, "तुम्ही किती भावंडं, मॅडम?"

"आम्ही चौघी बहिणी."

"अरेरे!"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, आमच्या चौथीच्या वेळी माझ्या बापानं सगळ्या चाळीत गूळ वाटला होता. तुम्ही 'अरेरे' कोणासाठी म्हणून राहिले?" ते पुन्हा माझ्याशी भावंडांबद्दल बोलले नाहीत. वडिलांची ही गोष्ट सांगताना मला आजही उगाच दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटतं.

* * *

आता खाट.

तुळशीरामच्या मावशीचं प्रकरण ऐकून नाफडे सर विचारात पडले. मुलीचे उपाय करून याला पाच मुलगे. मुलाचे उपाय करून आपल्याला तीन मुली. म्हणजे उपायाचा संबंध नाही, दुसरंच काहीतरी आहे! त्यांनी ग्राफपेपरवर दोन रकाने आखले. एकात तुळशीराम, एकात स्वतः. चहा, तंबाखू, सायकल, आंघोळीचं पाणी, सगळं लिहिलं. तासभर डोकं खाजवून त्यांनी मला बोलावलं आणि एका ओळीखाली लाल पेन्सिल मारली.

"मॅडम, हा खाली सतरंजीवर झोपतो. मी लोखंडी खाटेवर!"

मी म्हटलं, "सर, क्रोमोसोमला खाट कळते का?"

"शास्त्रज्ञानं मन मोकळं ठेवावं," सर म्हणाले.

मग करार झाला. सरांच्या लग्नातली खाट तुळशीरामने न्यायची, तुळशीरामची सतरंजी सरांनी. तुळशीराम आनंदाने तयार झाला, ज्या खाटेनं तीन मुली दिल्या ती त्याला आयतीच मिळत होती! रविवारी सकाळी महालातून सायकलरिक्षा निघाली. रिक्षावर खाट आडवी, खाटेवर तुळशीराम मांडी घालून, हातात चारी पायांच्या खालच्या विटा. सीताबर्डीवर आमच्या सेकंड इयरची पोरं पोहे खात उभी होती. एक ओरडला, "काका, कुठं चालले?"

"वाडीले!" तुळशीराम ओरडला. "पोरगी आणाले!"

सोमवारी ही बातमी माझ्याआधी कॉलेजात पोचली होती.

माईंना खाट गेल्याचं काहीच वाटलं नाही, उलट त्यांनी सतरंजीला हळदकुंकू वाहिलं. कुसुमवहिनी मला बाजारात भेटल्या तेव्हा मी भीत भीत विषय काढला. त्यांनी मेथीची जुडी उलटसुलट करून पाहिली, पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "खाट बदलली, बाई. खाटेवरचं माणूस तर तेच आहे ना!"

आमच्या जेनेटिक्सच्या अख्ख्या सिलॅबसमध्ये इतकं नेमकं वाक्य मला दुसरं सापडलेलं नाही.

* * *

दोन्ही घरी एकाच सुमाराला दिवस गेले. माईंनी लगेच एका वैद्याचं चूर्ण आणलं. तीन महिने, रोज दुधातून. मी सरांना म्हटलं, "सर, जे ठरायचं ते आता ठरून गेलं. तुम्हीच शिकवता. चूर्ण आता काय बदलणार?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "पण माईला पुरावा पाहिजे."

पुरावा कुठून आणणार? आमच्याकडे फळमाश्या होत्या! मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून बाटल्यांत ओतायचं, वर कापसाचं बूच लावायचं. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार. मग ईथर देऊन माश्या झोपवायच्या आणि भिंगाखाली नर-मादी मोजायचे. ते काम माझं. मी आयुष्यात इतक्या माश्यांचे नर-मादी मोजलेत, की अजून स्वयंपाकघरात केळ्यावर माशी बसली तर आधी तिची शेपटी बघते.

सरांनी हेड सरांच्या नकळत सहा बाटल्या घेतल्या. तीन साध्या. तीनमध्ये शिजवताना माईंचं चूर्ण, चमचा-चमचा. माश्या सोडल्या. चूर्ण खाऊन नर जास्त झाले नाहीत, तर माईंना दाखवायचं, असा बेत होता.

दोन आठवड्यांनी मी मोजायला बसले. साध्या बाटल्यांत नर-मादी जवळजवळ निम्मे-निम्मे, नेहमीसारखे. चूर्णाच्या बाटल्यांत मोजण्यासारखं काही नव्हतंच. अळी नाही, कोश नाही. आईबाप माश्या तळाशी उताण्या!

हेड सरांनी मागून येऊन बाटली उचलली, उजेडात धरली आणि सगळं समजून घेतलं. म्हणाले, "नाफडे, हे कुटुंब नियोजनवाल्यांना कळवा. ना मुलगा, ना मुलगी, ना आईबाप!"

सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तीच पुडी घरी रोज दुधातून जात होती. चालू प्रॅक्टिकल टाकून, अंगात अॅप्रन तसाच, ते सायकलवर बसले आणि भर उन्हात महालात गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते माणूस म्हणून आवडले.

घरी जाऊन त्यांनी पुडी हिसकावून घेतली. "माई, माश्या मेल्या!" एवढंच त्यांना बोलता आलं.

माई म्हणाल्या, "मरणारच. औषध सुनेचं, आणि तू दिलं माशीला! माशी आपल्या घरी नांदून राहिली का?"

पण पुडी मोरीत गेली. वहिनींना काही झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, मला ते चूर्ण बाधलं नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून ते मी तुळशीत टाकत होते. तुळस गेली.

* * *

बाळंतपणं एकाच आठवड्यात झाली.

आधी तुळशीराम आला. लॅबच्या दारातच त्याला रडू फुटलं. "म्याडम, पोरगी! पोरगी झाली!" त्याने बर्फीचा पुडा उघडला आणि हेड सरांच्या तोंडात त्यांनी 'नको' म्हणायच्या आत दोन तुकडे कोंबले. खाटेचे पाय आपण रोज धुणार आहोत, असंही जाहीर केलं.

तीन दिवसांनी नाफडे सर आले. खुर्चीत बसले. पंखा सुरू नव्हता, तरी तो सुरू करायला उठले नाहीत. आम्हाला कळलं. चौथी.

खरं तर अभिनंदनच करायचं असतं, पण माझं तोंड उघडेना, आणि त्याची मला लाज वाटली. तेवढ्यात तुळशीराम आत आला. त्याने सरांचे दोन्ही हात धरले. त्याच्या डोक्यात दुसरा विचारच नव्हता, तो आपल्या एका मुलीने अजून हवेत होता.

"सर!" तो म्हणाला. "तुमाले तर चार-चार! आन् सतरंजीवर! मंग तुमी खाट मले काहून देली बाप्पा, तुमची तर विद्याच मोठी हाये!"

नाफडे सरांनी टेबलावरच्या पुड्यातली उरलेली बर्फी घेतली आणि सावकाश खाल्ली.

* * *

बारशाला डिपार्टमेंटतर्फे झबलं घेऊन मी गेले होते. बायका जाऊन घर रिकामं झालं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर बाळ. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. सर पेपरमागे. मोठी नंदा, अकरा वर्षांची, ओटीचं सामान आवरत होती.

माई आतून फुलपात्र घेऊन आल्या. नवा वैद्य, इतवारीतला. त्याचा काढा. रंग शाईसारखा, आणि वास मी बसले होते तिथपर्यंत. "पुढच्या खेपेला चुकायचं नाही," माई म्हणाल्या. "चाळीस दिवस. आजपासून." आणि त्यांनी ते वहिनींच्या पुढ्यात ठेवलं.

पुढची खेप! बाळ बारा दिवसांचं होतं. मी पाहुणी, पण मला राहवेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नंदा म्हणाली, "आजी, आईला कशाला देते? आईजवळ मुलगा नसतोच."

"म्हणजे?"

शनिवारी शाळा सुटली की नंदा आमच्या डिपार्टमेंटमध्ये येऊन बसायची. माझे भिंतीवरचे तक्ते तिला पाठ होते. तिने ओटीच्या ताटातून दोन सुपाऱ्या उचलल्या आणि वहिनींसमोर मांडल्या. "हे आईचं. दोन सुपाऱ्या." मग सरांसमोर एक सुपारी आणि एक हळकुंड ठेवलं. "हे बाबांचं. बाळाला दोघांकडून एक-एक मिळतं. हळकुंड मिळालं तर मुलगा. आईजवळ हळकुंडच नाही आहे, तर ती देईल कुठून?"

माईंनी चष्मा लावला. खाली बसून वहिनींपुढच्या दोन्ही सुपाऱ्या उचलून, उलटून पाहिल्या. मग सरांपुढचं हळकुंड हातात घेतलं.

"वसंता," त्या म्हणाल्या. "ही पोर खरं बोलून राहिली का?"

पेपर खाली आला. दरवर्षी भरल्या वर्गापुढे खडू आपटून सांगणारा हा माणूस घरात आईच्या हातातल्या हळकुंडाकडे बघत बसला. मी त्यांच्याकडे बघत होते. नंदा बघत होती. वहिनी बघत नव्हत्या.

"हो, माई."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

सरांनी पेपरची घडी केली. ती पुन्हा उलगडून पुन्हा केली.

"एम.एस्सी.पासून."

सरांचं एम.एस्सी. लग्नाच्या आधीचं. माई मनात काहीतरी हिशेब करत होत्या, ओठ हलत होते. मला वाटलं, आता त्या उठून काढा मोरीत ओततील. पण औषध वाया घालवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांनी हात लांब केला आणि फुलपात्र फरशीवरून सरकवत सरकवत मुलाच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"चाळीस दिवस," त्या म्हणाल्या.

"माई, अगं, याला काही शास्त्रीय..." सर म्हणाले आणि मदतीसाठी त्यांनी बायकोकडे पाहिलं.

वहिनींनी बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. वाकून फुलपात्र उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"एका दमात प्या," त्या म्हणाल्या. "घोट-घोट घेतला की जास्त कडू लागतो."